भागधारक आणि सालदार : शहादा परिसरातील सामायिक जगण्याचा एक शोध

आमच्या घरची दिवाळी साखरेच्या पोत्यापासून सुरू व्हायची. वडील कारखान्याचे सभासद होते. सभासदाला सवलतीच्या दरात साखर मिळायची. ती आणायला ते पुरुषोत्तमनगरला जायचे, आणि पोतं ओट्यावर उतरलं की आई आजीला म्हणायची, "आपली साखर आली." बाजारातून आणलेल्या साखरेला कुणी कधी 'आपली' म्हणालं नाही.

पुरुषोत्तमनगर ही शहाद्याजवळची वसाहत. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती ती उभी राहिली आणि तिचं नाव पी. के. अण्णा पाटील यांच्या नावावरून पडलं. या भागात सहकार रुजवणारा माणूस म्हणून अण्णांचं नाव आजही घेतलं जातं. गळीत हंगामात तिथला भोंगा, मळीचा वास आणि गव्हाणीपाशी लागलेली बैलगाड्यांची रांग, एवढं माझ्या लहानपणाचं जग होतं.

वडील गेल्यानंतर त्यांची पत्र्याची पेटी आवरताना दोन गोष्टी हाती आल्या. पहिली, कारखान्याच्या भागाचा दाखला, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. दुसरी, लाल कापडी पुठ्ठ्याची वही, आमच्या शेतावरच्या सालदाराच्या हिशेबाची. आमच्या खानदेशात सालदाराचं साल आखाजीला सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. त्याप्रमाणे वहीत पानं पाडलेली होती. ज्वारी किती दिली, उचल किती दिली, चप्पल, घोंगडी, खाडे किती झाले, हे सगळं होतं. दाखल्यावर वडिलांचं नाव वळणदार अक्षरात, वडिलांच्या वडिलांच्या नावासह लिहिलेलं. वहीत मात्र सगळीकडे फक्त 'सालदार'.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. कॉमर्स शिकलो आणि शहाद्यात बी-बियाणांचं दुकान चालवतो. दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसतं तेव्हा वाचतो, आणि गेली वीसेक वर्षं या परिसराबद्दल जे मिळेल ते टिपून ठेवतो. सामायिक जगण्याच्या विचारांबद्दल वाचताना मला कायम वाटे की हे सगळं इंग्लंडात किंवा फार तर वर्ध्याला घडलं असणार. या दोन कागदांनी मला माझ्याच तालुक्याकडे पाहायला लावलं. सातपुड्याचा उतार आणि तापीचा काठ यांच्या मधल्या एवढ्याशा पट्ट्यात माणसांनी एकत्र जगण्याचे किती प्रकार करून पाहिले, आणि प्रत्येक प्रकारात 'आपण' या शब्दात कोण कोण मोडत होतं, हा या लेखाचा विषय आहे.

१

सुरुवात सहकारापासून करतो, कारण मी त्याचंच लेकरू आहे.

सहकाराचा इतिहास सांगताना इंग्लंडातल्या रॉचडेल गावचं नाव हटकून घेतलं जातं. १८४४ साली तिथल्या विणकर आणि इतर कारागिरांनी, एकूण २८ जणांनी, टोड लेन नावाच्या गल्लीत एक दुकान काढलं. पीठ, लोणी, साखर असा साधा माल. नियम असा की सभासदाकडे भाग कितीही असले तरी मत एकच, आणि नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात वाटायचा. भांडवलापेक्षा माणूस मोजायचा, हा त्यातला नवा विचार.

आपल्याकडे १९०४च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना वाट करून दिली. पण ग्रामीण महाराष्ट्राचा चेहरा बदलला तो प्रवरेच्या कारखान्याने. विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकरी गोळा केले, धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखा अर्थशास्त्रज्ञ पाठीशी उभा राहिला आणि १९५०च्या अखेरीस लोणीला पहिला हंगाम सुरू झाला. तिथून हा वसा गावोगाव गेला. १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातही 'एक सभासद, एक मत' हे तत्त्व आलं. दोन एकरवाला आणि चाळीस एकरवाला सर्वसाधारण सभेत एकाच रांगेत बसू लागले.

याचं मोल मी कमी लेखणार नाही. माझ्या आजोबांच्या काळात कापूस विकायचा तर व्यापारी बोलेल तो भाव. सावकाराचं व्याज घरात मुक्कामाला असायचं. ऊस आला, त्याला ठरलेला भाव आला, आणि माझ्या वडिलांनी कर्जाचा शेवटचा कागद फाडला तो दिवस आईच्या तोंडून मी कितीतरी वेळा ऐकला आहे. आमच्या पिढीचं शाळा-कॉलेज या उसावर झालं. सहकारावर आज टीका करणं सोपं आहे. ज्यांच्या घरी सावकाराचा माणूस येऊन ओट्यावर बसत असे, त्यांनी ती जरा सांभाळून करावी.

पण सभासद व्हायला ऊस पिकवणारा असावं लागतं, आणि ऊस पिकवायला जमीन लागते. उसाला पाणी देणारा सालदार सभासद नसतो. ऊस तोडणारे मजूर मुकादमाकडून उचल घेऊन येतात. त्यांच्यात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात, म्हणजे दोन माणसांचा हिशेबही एका हत्याराच्या नावाने होतो. राज्यातल्या कुठल्याही कारखान्याची ही रीत आहे. आमच्या डोंगरातली माणसं तर दसरा-दिवाळीनंतर गुजरातेत, सुरत-बारडोलीच्या बाजूला, तोडणीला जातात. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी तिथल्या खानदेशी तोडणी मजुरांवर वर्षानुवर्षं काम केलं. ते वाचताना कळलं की आमच्या तालुक्याचा अर्धा इतिहास दुसऱ्या राज्यात उसाच्या पाचटावर झोपला आहे.

रॉचडेलच्या गोष्टीचा एक भाग सहसा सांगितला जात नाही. त्याच मंडळींनी १८५४ साली कापडाची सहकारी गिरणी काढली. सुरुवातीला नफ्याचा वाटा कामगारांनाही मिळे. गिरणी चालली, तसे नवे भागधारक वाढले, आणि १८६२ साली त्यांनी मतदान करून कामगारांचा वाटा बंद केला. एका सभासदाला एकच मत, हा नियम पाळूनच हे घडलं. हे वाचलं त्या रात्री मी वडिलांची वही पुन्हा उघडली.

२

आता थोडं वर चढू. शहाद्याहून धडगावच्या रस्त्याला लागलं की तासाभरात पावरा आणि भिल्ल वस्त्या सुरू होतात. तिथे 'लाह' नावाची पद्धत आहे. एकाच्या शेतात पेरणी, निंदणी किंवा कापणी असेल, किंवा घर शाकारायचं असेल, तर पाड्यातली माणसं येऊन काम उरकून देतात. मजुरी नाही. ज्याचं काम असेल त्याने जेवण घालायचं, आणि पुढे दुसऱ्याच्या कामाला आपण जायचं. देशावर इर्जिक, सावड किंवा वारंगुळा म्हणतात, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात पडकई म्हणतात, ती याच गोत्यातली.

रशियन विचारवंत क्रोपोटकिन यांनी १९०२च्या आपल्या पुस्तकात परस्पर साहाय्य हा माणसाचा स्वभावच आहे असं मांडलं आणि जगभरच्या खेड्यांतले दाखले दिले. लाह त्यांना ठाऊक असती तर एक पान तिलाही मिळालं असतं. पण ती भाबडेपणाने पाहू नये. लाहीत कामाची परतफेड कामाने होते, तेव्हा ज्याच्या घरात काम करणारे हात कमी, त्याला ती जड जाते. पाड्याबाहेरच्या माणसाला तिच्यात जागा नसते. तरीही एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. लाहीत शिरायला सात-बारा लागत नाही. पाड्यात राहणं आणि वेळेला उभं राहणं एवढं पुरतं.

याच डोंगराच्या पायथ्याशी, तळोदा तालुक्यात मोरवड येथे, १९३८ साली गुला महाराजांची चळवळ उभी राहिली. दारू सोडा, स्वच्छ राहा, भांडू नका असा उपदेश. सोमवारच्या आरतीला हजारोंनी माणसं जमत. गुला महाराज त्याच वर्षी गेले, पुढे त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी ती चालवली. अनुयायी एकमेकांना 'आप' म्हणत, म्हणून तिला आप चळवळ म्हणतात.

पुस्तकांत ती धार्मिक सुधारणा म्हणून नोंदलेली सापडते. मला त्यातला 'आप' हा शब्द थांबवतो. ज्या माणसांना पाटलापासून पोलिसापर्यंत प्रत्येकजण 'अरे' म्हणून हाक मारत होता, त्यांनी ठरवलं की आपण तरी एकमेकांना मानाने बोलवायचं. एकत्र जगण्याची ही पहिली अट असावी असं आता वाटतं. आमच्या घरी सालदार माझ्या वडिलांपेक्षा वयाने मोठा होता. आम्ही पोरं त्याला अरे-तुरे करायचो. कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणी टोकलंही नाही.

३

जमिनीचीच मालकी सामायिक करायचा प्रयोगही आमच्या डोंगराने पाहिला. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांना शंभर एकरांचं पहिलं भूदान मिळालं. पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या मंगरौठ गावाने सगळी जमीन देऊ केली आणि भूदानातून ग्रामदान निघालं. तेव्हाच्या पश्चिम खानदेशातल्या अक्राणी महालात, म्हणजे आजच्या धडगाव तालुक्यात, १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात गावामागून गाव ग्रामदानात आलं.

अक्राणीतच हे का घडलं, याचं उत्तर मला लाहीत दिसतं. जिथे काम आधीच सामायिक होतं आणि जमीन विकून पैसा करण्याची चाल रुळलेली नव्हती, तिथे 'जमीन गावाची' हे वाक्य परकं वाटलं नसणार. खाली तापीकाठच्या काळ्या, पाण्याखालच्या जमिनीत तेच वाक्य बोलायला फार धैर्य लागलं असतं. पुढे सुलभ ग्रामदान आलं. त्यात मालकी ग्रामसभेच्या नावे, विसावा हिस्सा भूमिहीनांना, बाकीची कसणूक ज्याची त्याच्याकडे, उत्पन्नाचा चाळिसावा भाग ग्रामकोषात आणि निर्णय सर्वसंमतीने, अशी मांडणी होती. १९६४ साली महाराष्ट्राने ग्रामदानाचा कायदाही केला. पण बहुतेक गावांत ग्रामदान कागदावरून जमिनीवर उतरलं नाही. पतपुरवठा, नोंदी, तलाठ्याचं दप्तर, सगळी यंत्रणा एकेका खातेदाराला ओळखणारी. 'गाव' नावाच्या खातेदाराचं काय करायचं हे तिला कधी उमगलंच नाही.

ग्रामदानाने एक गोष्ट मात्र करून ठेवली. ग्रामसभेत गावातला प्रत्येक प्रौढ माणूस येतो, जमीन असो वा नसो. सामायिकपणाची कुंपणाची रेघ या एका नियमाने सरकली.

४

आता पुन्हा खाली, शहाद्याच्या सपाटीवर येतो. इथे जे घडलं ते लिहिताना माझा हात जड होतो, कारण हे माझ्याच लोकांविषयी आहे.

साठच्या दशकात विहिरी-पंप आले, बागायत वाढली आणि जमिनीला मोल आलं. कर्जापायी, गहाणापायी, कधी नुसत्या अंगठ्यापायी भिल्लांच्या जमिनी हातून गेल्या, आणि ते त्याच शेतात सालदार म्हणून उभे राहिले. त्याच काळात शेतकऱ्यांनी पीक संरक्षण सोसायट्या काढल्या. वर्गणी जमवायची आणि तिच्यातून राखणदार नेमायचे. नाव सोसायटी, रीत सामुदायिक. राखण कुणापासून, हे सांगायला नको. एकत्र येणं ही गोष्ट स्वतःहून चांगली असते असं समजणाऱ्याने या सोसायट्यांचा इतिहास एकदा वाचावा.

मे १९७१ मध्ये म्हसावदजवळ पाटीलवाडीला धान्यासाठी गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि त्यात एक आदिवासी मेला. त्यानंतर तालुका पूर्वीसारखा राहिला नाही. अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल समाजातले शिकलेले कार्यकर्ते आधीपासून गावोगाव हिंडत होते. सर्वोदयाचे कार्यकर्ते आले. ३० जानेवारी १९७२ला, गांधींच्या पुण्यतिथीला, शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला. मुंबई-पुण्याकडून शिकलेले तरुण येऊन राहिले. कुमार शिराळकर आणि दीनानाथ मनोहर ही त्यांतली महाराष्ट्राला ठाऊक असलेली नावं. १९७२ मध्येच श्रमिक संघटना उभी राहिली आणि वाहरू सोनवणे यांच्यासारखे भिल्ल तरुण तिच्यातून घडले, पुढे कवी म्हणून ओळखले गेले.

संघटनेने गेलेल्या जमिनींचे कागद बाहेर काढले, दुष्काळात कामं मागितली, सालदारांच्या पगारासाठी संप केले. गावोगाव तरुण मंडळं झाली. गावातले तंटे तिथे मिटवले जाऊ लागले. बायकांनी दारूच्या गुत्त्यांवर जाऊन मडकी फोडली. संघटनेच्या पुरुषांनाही तो धक्का होता, कारण पिणारे त्यांच्याही घरात होते. सामायिक जगण्याचा प्रश्न इथे प्रथम घराच्या आत गेला. १९७४ साली अंबरसिंग गेले, १९७५ला आणीबाणी आली, कार्यकर्ते तुरुंगात गेले. पण त्याच सुमारास आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्रात झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातली हस्तांतरं त्याखाली तपासता येऊ लागली. शहाद्याच्या आवाजाचा त्यात वाटा होता, असं मी मानतो.

आमच्या घरी त्या दिवसांचं नावही निघत नसे. 'संघटनावाले' हा शब्द मी दबक्या आवाजातच ऐकला. मात्र वहीने ते नोंदवून ठेवलं होतं. सुरुवातीच्या वर्षांत सालदार कामावर आला नाही की वडील 'खाडा' लिहीत आणि आखाजीला तेवढे पैसे कापत. १९७३च्या आखाजीनंतरच्या पानांत पगाराचा आकडा वाढलेला दिसतो, आणि काही तारखांपुढे खाड्याच्या जागी 'सुट्टी' असं लिहिलेलं आहे. कापलेली रक्कम तिथे नाही. अक्षर वडिलांचंच, जरा दाबून लिहिलेलं. ज्या चळवळीविषयी मी परदेशी अभ्यासकांचे लेख मिळवून वाचत होतो, ती माझ्या घरातल्या पेटीत एका शब्दाच्या बदलाने येऊन बसली होती.

५

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीला २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जंगल, पाणी, कुरणं यांसारखी सामायिक साधनं लोक स्वतः कशी सांभाळतात याचा त्यांनी अभ्यास केला. १९९०च्या ग्रंथात त्यांनी अशा टिकाऊ व्यवस्थांची लक्षणं दिली आहेत. त्यांतलं पहिलं असं की हद्द स्पष्ट हवी. साधन कुठवर आणि त्यात हक्क कुणाचा, हे ठरलेलं असावं, नाहीतर सामायिक ते कुणाचंच उरत नाही. हे मला पटतं. कुंपण नसलेलं शेत गुरं खातात, हे कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे.

माझ्या तालुक्याने त्यात एक प्रश्न जोडलेला दिसतो. हद्द हवी हे खरं, पण ती कुठल्या गोष्टीवरून आखली? कारखान्याने उसावरून आखली, पीक सोसायटीने पिकाच्या मालकीवरून. लाहीने कामावरून आणि ग्रामसभेने राहण्यावरून आखली. संघटनेची हद्द मजुरीवरून होती. पहिल्या दोघांच्या हद्दीत जे काम करत होते ते हद्दीबाहेर होते. अशा व्यवस्थेत आतल्यांची समता खरी असू शकते, आमच्या सर्वसाधारण सभेतली खरीच होती. पण ती बाहेरच्याच्या घामावर उभी राहते, आणि आतल्याला ते दिसायचं कारण उरत नाही. माझ्या वडिलांना दिसलं नाही. ते दुष्ट नव्हते. सालदाराच्या घरी लग्न असलं की आमच्याकडून ज्वारी जायची. तीही वहीत मांडलेली आहे, उचलीच्या खाली.

२००६च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीवरचा हक्क ग्रामसभेला दिला. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली तो मिळवला आणि पुढे गावची जमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे केली. अर्धशतकापूर्वी अक्राणीत जे कागदावर राहिलं, ते दुसऱ्या टोकाला एका गोंड गावाने करून दाखवलं. म्हणजे तो विचार चुकीचा नव्हता, त्याला चालवणारं गाव आणि धीर हवा होता. आमच्या डोंगरातल्या ग्रामसभांकडेही तो कायदा आहेच.

गेल्या उन्हाळ्यात, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, मी ती वही घेऊन आमच्या सालदाराच्या मुलाकडे गेलो. तो माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा, पायथ्याच्या गावात राहतो. तरुणपणी गुजरातेत तोडणीला जायचा, आता थोडी जमीन कसतो. मी त्यांना 'दादा' म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, आणि ते आम्हा दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. खाटेवर बसून त्यांनी पानं उलटली. त्यांना वाचता येतं. 'सुट्टी' या शब्दावर मी बोट ठेवलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "तेव्हा बाप पहिल्यांदा मला शहाद्याच्या बाजाराला घेऊन गेला होता."

मग त्यांनी विचारलं, "पाटील, यात माझ्या बापाचं नाव कुठे आहे?"

मी म्हटलं, नाही. सगळीकडे सालदारच लिहिलंय.

त्यांनी पुन्हा एकदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिलं, मी सांगितलेलं तपासून घ्यावं तसं. मग माझ्या खिशातला पेन मागून घेतला आणि वहीच्या पहिल्या पानावर, कोपऱ्यात, वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं, त्यांच्या वडिलांच्या नावासह. ते नाव इथे छापायची परवानगी मी मागितली नाही, म्हणून देत नाही. वही मी त्यांच्याकडेच ठेवून आलो. माझ्याकडे तिची झेरॉक्स आहे, पण ती आधी काढलेली. तिच्यावर ते नाव नाही.